फुकटची क्षमा नको म्हणणाऱ्या दादांस

पत्र

मी 63 वर्षांचा, एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यातून निवृत्त. घोरपडीत राहतो. तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती, आजोबा नगरकडून इथे आले. 2004 साली धाकट्या बहिणीचे यजमान अचानक वारले. फंडाचे चार लाख तिला मिळाले. "दादा, तूच कुठेतरी ठेव," म्हणून तिने ते माझ्या हाती दिले. त्याच वेळी मी फ्लॅट बुक केला होता आणि रक्कम कमी पडत होती. तिच्यातले पावणेदोन लाख वापरले. परत टाकू म्हणता म्हणता राहून गेले. तिने विचारलं तेव्हा सांगितलं, पतपेढीत ठेवले होते, पतपेढी बुडाली. तिने एका शब्दानेही शंका घेतली नाही.

पुढे दोन्ही भाच्यांच्या शाळा-कॉलेजच्या फी, तिचं ऑपरेशन, सगळं मी केलं. वहीत नोंद आहे, सहा लाख बारा हजार. व्याज धरूनही फिटले. पण ती चारचौघांत म्हणते, "दादा नसता तर आम्ही रस्त्यावर आलो असतो," तेव्हा घास घशाखाली उतरत नाही. कित्येक वर्षं मी प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पुढे गेलो नाही. शेवटच्या बाकावर बसतो आणि ती वेळ आली की बाहेर येतो. पाळकसाहेबांना "एका ओळखीच्या माणसाचं" म्हणून विचारलं. ते म्हणाले, देवाजवळ कबूल करायला सांगा, ख्रिस्ताच्या रक्ताने सगळं धुतलं जातं, जुनं उकरून कुणाचं भलं होत नाही. मला हे पटत नाही. आयुष्यात कुणाचा मिंधा राहिलो नाही. एवढी मोठी गोष्ट अशी फुकट कशी घ्यायची? त्यापेक्षा देवाने शिक्षा द्यावी, मी भोगीन. हा माझा गर्व आहे की प्रामाणिकपणा, एवढंच सांगा. पत्नीला यातलं काही ठाऊक नाही.

— एक हिशेबनीस

उत्तर

दादा, सप्रेम जय ख्रिस्त.

एवढंच सांगा म्हणालात, तर आधी तेवढंच सांगते. गर्व आहे. प्रामाणिकपणाही आहे, तो नसता तर हे पत्र आलंच नसतं. पण तुम्हाला शेवटच्या बाकावर धरून ठेवलंय ते गर्वानेच.

गर्विष्ठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताठ मानेचा, पहिल्या रांगेत बसणारा माणूस येतो. तुमचा गर्व मागे बसतो, खाली बघतो, भाकर मोडायच्या आत चपला शोधतो, त्यामुळे तो ओळखू येत नाही. मंडळीत कुणी विचारलंच तर "मी अपात्र आहे" म्हणत असाल, आणि लोकांना ती नम्रता वाटत असेल. पण त्या बाकावर काय चाललंय ते बघा. देव म्हणतोय, क्षमा केली. तुम्ही म्हणताय, थांबा, एवढ्यात नको, माझं अजून समाधान झालेलं नाही. म्हणजे देवाच्या कोर्टावर तुमचं एक वरचं कोर्ट आहे आणि तिथे न्यायाधीश तुम्ही. शिक्षा मागणं हासुद्धा त्याच कोर्टाचा हुकूम. शिक्षा भोगून बाहेर पडणारा माणूस म्हणू शकतो, मी माझं फेडलं. क्षमा घेतलेल्याला हे कधीच म्हणता येत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच वाक्य सोडवत नाही.

मिंधेपणाचं म्हणाल तर तो आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. पुण्याच्या लग्नपत्रिकेवर तळाशी छापतात ना, "कृपया आहेर आणू नये"? त्यात अर्धं सौजन्य असतं आणि अर्धी धास्ती. घेतलं की वहीत लिहायचं आलं, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं, जमल्यास एकावन्न रुपये वर घालून, परत करायचं आलं. तुम्ही देवालाही तीच पत्रिका पाठवली आहे.

आता तुमच्या वहीबद्दल जरा बोलू. सहा लाख बारा हजार, व्याज धरूनही फिटले, असं लिहिता. दादा, या कर्जात देणेकरी तुम्ही, सावकारही तुम्हीच, आणि व्याजाचा दरही तुम्हीच ठरवलात. ज्या बाईचे पैसे, तिला कर्ज दिल्याचाच पत्ता नाही. त्या पावणेदोन लाखांच्या टेकूवर उभा राहिलेला फ्लॅट आज केवढ्याचा आहे, तो आकडा वहीत आहे का? अकाउंट्समध्ये हयात गेलेल्या माणसाला मी हे सांगावं असं नाही. ज्या व्यवहारात दुसऱ्या पक्षाला व्यवहारच माहीत नाही, त्याला परतफेड कोण म्हणेल? तुम्ही जे दिलंत ते तिच्या लेखी उपकार म्हणून जमा झालं. तिचेच पैसे तिला देऊन वर तिच्याकडून "दादा नसता तर" घेतलंत. घास उतरत नाही, हे तुमच्यातलं सगळ्यात निरोगी लक्षण आहे.

गुरुवार पेठेतलं पंचहौदचं देवालय तुम्हाला ठाऊकच असेल. 1890 साली तिथल्या मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला, आणि मग नावं छापून आल्यावर, ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून, शहरात काय रणकंदन माजलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी पुढे 1892 मध्ये घेतलं. रानड्यांना त्या चहात पाप दिसत होतं असं कुणीच म्हणणार नाही. बरोबरच्या माणसांची कोंडी फुटावी म्हणून त्यांनी मान तुकवली. विधी झाला, पंगतीतली जागा परत मिळाली, आतलं मत होतं तिथेच राहिलं. समाजात वावरायला अशी वाट कधी लागते, त्याला मी नावं ठेवत नाही. पण भाच्यांच्या फी भरून तुम्ही जे वीस वर्षं करत आलात ते याच जातीचं आहे. त्याने बहिणीच्या घरातली दादाची जागा शाबूत राहिली. आत काही हललं नाही.

नामानाची गोष्ट पुन्हा वाचाल का? बायबलातलं 2 राजे, पाचवा अध्याय. रविवारच्या शाळेत ऐकलेली विसरा आणि या वेळी हिशेबनिसाच्या नजरेने वाचा. अरामाच्या राजाचा सेनापती, लढाया जिंकलेला, आणि अंगावर कोड. इस्राएलात एक संदेष्टा आहे असं त्याला त्याच्याच घरातल्या, लुटीत धरून आणलेल्या एका मुलीकडून कळतं. निघताना त्याने बरोबर काय घेतलं ते तिथे आकड्यांनिशी दिलंय: दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं (ही तिथली वजनं), दहा पोशाख. हा माणूस बरा व्हायला निघालाय आणि बिल आधीच घेऊन निघालाय. तुम्हाला तो जवळचा वाटेल.

त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या, दारात घोडे, रथ उभे राहिले आणि अलीशा बाहेरसुद्धा आला नाही. आतून निरोप धाडला: यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामान भडकला. त्याला वाटलं होतं संदेष्टा बाहेर येईल, समोर उभा राहून देवाचं नाव घेईल, कोडावरून हात फिरवील. आणि नदीतच बुडायचं तर दिमिष्काच्या अबाना आणि परपर काय वाईट आहेत? (नदीचा अभिमान मिरवायची सोय दिमिष्ककरांना होती. मुठेकाठच्या आपल्याला तेवढीही उरलेली नाही.) रथ वळवला. तेव्हा नोकर पुढे होऊन जे म्हणाले ते मी तुम्हाला तसंच्या तसं विचारते: संदेष्ट्याने काही अवघड करायला सांगितलं असतं तर आपण केलं नसतं का?

केलं असतं, हेच तर दुखणं आहे. अवघड दिलं असतं तर नामानाने छाती काढून केलं असतं, आणि बरा झाल्यावर म्हणाला असता, मी केलं. तुम्हालाही पाळकसाहेबांनी शंभर उपास, केडगावपर्यंत पायी चाल, उरलेल्या आयुष्याची अर्धी पेन्शन असं काही सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली असतीत. नदीत उतरण्यात पराक्रम काही नाही. बायबलात लिहिलेलं नाही, पण उतरायचं म्हणजे अंगावरचं सेनापतीपण काठावर काढून ठेवायचं आणि इतके दिवस पोशाखाखाली झाकलेलं कोड नोकरांच्या देखत उघडं करायचं. किंमत असलीच तर ती एवढीच होती. ती सोन्यात देता येत नव्हती म्हणून रथ वळला होता.

शेवटी तो उतरला, बरा झाला, आणि परत येऊन आग्रह करकरून देऊ लागला. अलीशाने त्या गाठोड्यातलं काहीही घेतलं नाही. तिथून पुढचा भाग रविवारच्या शाळेत बहुतेक वगळतात. अलीशाचा नोकर गेहजी याचा त्या चांदीवर डोळा गेला. तो मागून धावत गेला, एक गोष्ट रचून सांगितली, दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख उकळले, घरात लपवले, आणि नामानाचं कोड त्याच्या अंगावर आलं. तुम्हाला वाटेल आपण गेहजी. 2004 साली होतात. आज मला तुम्ही दारातून रथ वळवलेला नामान दिसता.

फुकट आहे म्हणून तुम्हाला हे हलकं वाटतं. फुकट तुम्हाला आहे, दादा. वधस्तंभावर ज्याने दिलं त्याला ते फुकट पडलेलं नाही. तुमच्या-माझ्यासाठी त्यात भर घालायची जागा शिल्लक ठेवलेली नाही, एवढंच. इफिसकरांना लिहिताना प्रेषित पौल कारणही सांगून टाकतो: तारण कर्मांनी झालं नाही, ते देवाचं दान आहे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून. तुमच्या-माझ्यासारख्यांना तो चांगला ओळखून होता.

आणि ज्यांनी फेडलं त्यांचं काय झालं तेही बघून ठेवा. येशूला पैसे घेऊन धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याने तीसच्या तीस नाणी परत नेली, निर्दोष माणसाला धरून दिलं हे कबूलही केलं. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. पण तो गेला कुठे, तर याजकांकडे, जिथून पैसे निघाले होते तिथे. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय! आणि त्याने जाऊन गळफास घेतला. दुसरा शिष्य पेत्र, त्याच्याकडे परत करायला काहीच नव्हतं. येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं होतं, ते कशाने भरून देणार? तो नुसता येशूला भेटण्याच्या अंतरावर राहिला. त्या दोघांतला फरक पापाच्या वजनाचा नव्हता.

जन्माने ख्रिस्ती असणाऱ्या आपल्या लोकांना वाटतं की हे सगळं आपल्याला पाठ आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पंडिता आणि सरस्वती म्हणून कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरवलेली ही बाई, शास्त्रं मुखोद्गत, मिशनऱ्यांशी वाद घालून एकेक मुद्दा तपासून घेणारी. तिने पुढे आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं, ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे तिचं विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात येऊन स्थिरावत होतं त्या सुमाराची ही गोष्ट. विधवांसाठी ती राबत होती, शहराचे टक्केटोणपे खात होती, पदरी पुण्याई म्हणावी तर रग्गड होती. तरी तिला हात रिकामे करून यावं लागलं. तुमच्या तीन पिढ्या आणि सहा लाख बारा हजार यांचं तिथे काय चालणार?

आता पाळकसाहेब. देवाच्या क्षमेबद्दल ते म्हणाले ते खरं आहे. जुनं उकरू नका, हे मला मान्य नाही. अर्थात त्यांना तुम्ही ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगितलीत, बहीण जिवंत आहे आणि रोज तुमचे उपकार स्मरते हे सांगितलंत का? जुनं कुठे आहे ते? ती "दादा नसता तर" म्हणते त्या प्रत्येक वेळी ते खोटं ताजं होतं. जक्कय या जकातदाराचं आठवा. अन्यायाने घेतलं असेल तर चौपट देतो, असं तो म्हणाला, आणि कधी म्हणाला? येशू त्याच्या घरी उतरल्यावर. आधी चौपट देऊन मग येशूला जेवायला बोलावलेलं नाही. तुम्ही वीस वर्षं उलट्या बाजूने चढताय: आधी फेडीन, मग तोंड दाखवीन. म्हणून फेडही पुरी होत नाही आणि तोंडही दाखवता येत नाही.

देवाची क्षमा बहिणीच्या उत्तरावर टांगलेली नाही. ती आजच घ्या. शब्द सुचत नसतील तर येशूच्या दृष्टान्तातल्या दुसऱ्या एका जकातदाराचे घ्या, "हे देवा, मज पाप्यावर दया कर," आणि तिथेच थांबा. पुढे "पण मी भाच्यांना" असं काही जोडू नका. त्याच दृष्टान्तातल्या परूश्याची, म्हणजे नियमाला चोख धर्मनिष्ठाची, प्रार्थना त्याच पुढच्या भागाने बिघडली होती, आठवड्यातून दोनदा उपास आणि मिळकतीचा दशांश.

प्रभुभोजनाला न जाण्यामागे तुमच्या मनात पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय असणार, अयोग्य प्रकारे खाईल तो दोषी ठरेल, हे वचन. आपल्या मंडळ्यांत या वचनाने कितीतरी भली माणसं वेदीपुढच्या कठड्यापासून, जिथे प्रभुभोजन घेतात, लांब राहिली आहेत. संदर्भ बघा: करिंथात पैसेवाले आधी खाऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्यावर पौल तापला आहे. आणि तो असं म्हणत नाही की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि घरी जावं. परीक्षा करावी आणि मग खावं, असं म्हणतो. कठड्याशी गुडघे टेकल्यावर माणूस काय करतो? उजवा तळहात डाव्यावर ठेवून पुढे करतो. भाकर पाळक ठेवतात, आपण उचलून घेत नाही. तुम्हाला पुढे जायची भीती वाटते ती, मला वाटतं, या हाताची. देणारा हात वर असतो, त्याची तुम्हाला सवय आहे.

तरी मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमच्या बहिणीच्या मनात काही नाही, कारण तुम्ही ते तिथे पोचूच दिलेलं नाही. म्हणून माझं मत असं की पुढच्या प्रभुभोजनाच्या आत तिच्याकडे जाऊन या. ते तुमचं तिकीट म्हणून नव्हे. क्षमा मिळाल्यावर माणसाला खरं बोलायला जी मोकळीक मिळते ती वापरायची म्हणून.

पण त्याआधी पत्नीला सांगा. आजच. राहतं घर त्या पैशात गुंतलेलं आहे, आणि हे तिला बहिणीकडून कळणं फार वाईट.

बहिणीकडे एकटे जा, तिच्या घरी. तिला आपल्याकडे बोलावू नका, तुमच्या दिवाणखान्यात ती पाहुणी होते आणि पाहुण्याला रागावता येत नाही. वही नेऊ नका. फीचा, ऑपरेशनचा विषय तोंडातून निघता कामा नये, तिने काढला तरी. पतपेढी बुडाली नव्हती, पैसे मी वापरले, फ्लॅटला वापरले, आणि तुला खोटं सांगितलं: एवढी चार वाक्यं. "परिस्थिती अशी होती की" हे पाचवं वाक्य गिळा. रडू आलं तर आवरा, कारण तुम्ही रडलात की ती तुम्हाला पाणी द्यायला उठेल आणि पुन्हा तुमचीच सेवा सुरू होईल. क्षमा मागा, पण उत्तरासाठी थांबून राहू नका. तिला वीस वर्षांनी कळतंय, तिला वेळ लागेल. कदाचित ती क्षमा करणार नाही. ते तिच्या हातात आहे, आणि तुम्हाला ते सोसावं लागेल. शिक्षा मागत होतात ना, त्यातली खरी असेल ती एवढीच. भाच्यांना सांगायचं की नाही हेही तिलाच ठरवू द्या.

पैशांचं कागदावर आणा. पावणेदोन लाख आणि त्यावर वीस वर्षांचं व्याज, बँकेच्या मुदत ठेवीच्या दराने, चक्रवाढ. दर तुम्ही ठरवू नका, तिच्या थोरल्या मुलाला किंवा ती म्हणेल त्या माणसाला काढू द्या. फीचे पैसे त्यातून वजा करायचे नाहीत. ते मामाने भाच्यांना दिले, विषय संपला. एकरकमी जमत नसेल तर हप्ते लिहून द्या, आणि तुमच्या माघारी ते अडू नयेत म्हणून मृत्युपत्रात तशी नोंद करा. तिने रागाने दार लावून घेतलं तर दुसऱ्या दिवशी फळं घेऊन उभे राहू नका, नातेवाइकांना मध्ये घालू नका, पाळकसाहेबांनाही नाही. चेक मात्र लिहून दिलेल्या तारखेला तिच्या खात्यात पडू दे, ती बोलत असो वा नसो.